अडतीस म्हणणारे सर

सर "अडतीस" म्हणाले की टेबलाभोवतीचे सगळे गप्प व्हायचे. नव्या माणसाला वाटायचं, कुठल्या तरी पार्टचा नंबर सांगताहेत. तसं नव्हतं. दोन माणसं एकदम बोलायला लागली की सर आपलं वाक्य अर्ध्यात सोडून द्यायचे, "अडतीस" एवढंच म्हणायचे आणि समोरचा मोकळा होईपर्यंत थांबायचे. कधीकधी तो मोकळा व्हायचाच नाही. मग सर आपल्या स्टुलावर जाऊन बसायचे आणि ती गोष्ट त्या दिवसापुरती राहून जायची.

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच. मालक, सर, मी, सोल्डरिंगला सहा बायका आणि एक फिटर. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. गावोगावच्या दूध संस्थांमध्ये तेव्हा इलेक्ट्रॉनिक मशीन नवीन होती आणि आम्ही ती बनवायचो. दुधाचा काटा, फॅट मोजायचं यंत्र, आकडा सगळ्यांना दिसावा म्हणून भिंतीवर लावायची दिव्यांची पाटी आणि चिठ्ठी छापणारा प्रिंटर. ही चारही एका केबलनं जोडलेली, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक मायक्रोकंट्रोलर. बोटाच्या दोन पेरांएवढी चिप. ती सरांच्या ताब्यात.

आज मी पॉलिटेक्निकमध्ये हेच शिकवते. दर वर्षी तेच पन्नास-साठ चेहरे, तोच फळा, तोच प्रश्न, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" येतं, म्हणते मी. पूर्वी चिडायचे. आता चिडायलाही ताकद लागते. पण बसचा धडा आला, म्हणजे रस्त्यावरची नव्हे, चिपा जोडणाऱ्या तारांची, की सरांसारखं शिकवायला जाते आणि जमत नाही.

सर असं शिकवायचे. दोन तारा घ्यायचे. "ही बोलण्याची. ही ठोक्याची. प्रत्येक ठोक्याला एक अक्षर. काटा, फॅटवाला, पाटी, प्रिंटर, सगळे याच दोन तारांवर. म्हणून प्रत्येकाला पत्ता. ज्याचा पत्ता घेतला त्यानं 'हं' म्हणायचं. बाकीच्यांनी गप्प." एवढं झालं की ते माझ्याकडे बघायचे. मी "हं" म्हणाले नाही तर पुन्हा पहिल्यापासून, "ही बोलण्याची. ही ठोक्याची." हे नाटक नव्हतं. भाजी आणायला सांगतानाही ते असंच करतात, असं त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं होतं.

आधीच्या चिपमध्ये तारांवरची वीज वर-खाली करायचं काम प्रोग्रॅमलाच करावं लागायचं. सरांनी ते एकेक ठोका मोजून लिहिलं होतं. मग नवी चिप आली. तिच्या आतच बसचा कंट्रोलर होता. सर तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा हात साबणानं धुऊन आले. "आत एक कारकून बसवलाय," ते म्हणाले. "बोलाचालीचं सगळं तो बघतो. आपण आपलं काम करायचं. आणि प्रामाणिक आहे हो. दर वेळी काय घडलं ते आकड्यात लिहून ठेवतो. दोघं एकदम बोलले, अडतीस. विचारलं आणि कुणी 'हं' म्हणालं नाही, अठ्ठेचाळीस. फक्त आपण तो आकडा वाचला पाहिजे. आकडा वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही."

तो सगळा तक्ता त्यांना पाठ होता. जाड डेटाबुकला त्यांनी खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं आणि त्यावर कुणी चहाचा कप ठेवला की ते काही न बोलता कप उचलून त्या माणसाच्या हातात द्यायचे. मालकांशी बोलून आले की स्टुलावर बसता बसता पुटपुटायचे, "अठ्ठेचाळीस." सोल्डरिंगच्या बायकांनीही तो शब्द उचलला होता. एकीचा नवरा बोलत नव्हता, तर ती डबा उघडताना म्हणाली, "आमच्याकडं चार दिस झालं अठ्ठेचाळीसच हाय." सर हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा विचारा. तीनदा विचारायचं असतं."

आम्ही दोघंही इंदापूरचे. त्यांच्या वडिलांचं बाजारात सायकलचं दुकान, माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आज्ज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिकण्याचा धोशा, म्हणून मी मुलगी असून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. सकाळची बारामती गाडी आम्हाला एकच. सर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मी त्यांच्या मागे दोन सीट सोडून. चिपला अंगातल्या विजेचा झटका बसू नये म्हणून कामाच्या वेळी मनगटाला तांब्याची तार बांधावी लागते. सर ती काढायचेच नाहीत. एसटीत बसले की तारेचं मोकळं टोक समोरच्या दांडीला गुंडाळायचे. कंडक्टर नवीन असला की विचारायचा. सर म्हणायचे, "सवय." बस. रमजानमध्ये दिवसभर पाण्याचा घोट नाही, आणि भर दुपारच्या उन्हात त्या पत्र्याखाली हातातली इस्त्री तशीच स्थिर. सोल्डरच्या इस्त्रीबद्दल म्हणतेय. माझा हात त्यांच्याएवढा स्थिर कधीच झाला नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. टाळत होते.

बारामतीत शेतीचं एक प्रदर्शन होतं. ईदमुळे सर दोन दिवस रजेवर. आमच्या स्टॉलवर गर्दी, मालक कडक इस्त्रीच्या शर्टात, आणि मशीन मधेच थांबली. पाटीवर अक्षरं आली, "दूध पुन्हा ठेवा". शेजारच्या स्टॉलवर कडबाकुट्टी सुरू झाली की असं व्हायचं. मोटरचा गोंगाट केबलमध्ये शिरायचा, फॅटच्या यंत्राचा "हं" यायचा नाही, आणि सरांचा प्रोग्रॅम अठ्ठेचाळीस वाचून थांबायचा. बरोबर थांबायचा. पण लोक हसले.

मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाटीवर काहीतरी दिसलं पाहिजे. अडकायचं नाही. जमेल का?"

मी म्हणाले, "सर आल्यावर..."

"सर नाहीत. तू आहेस ना?"

तेवीस वर्षांची होते. "तू आहेस ना" हे मला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी एकच ओळ बदलली. उत्तर आलं नाही तर थोडं थांब आणि पुढं जा. म्हणजे काय, तर कारकुनाचा आकडा वाचायचा नाही, मेमरीत आधीचं जे फॅट पडलंय तेच पाटीवर दाखवायचं. प्रदर्शनापुरतं, असं मालक म्हणाले. मीही स्वतःला तेच सांगितलं. मशीन दोन दिवस एकदाही थांबली नाही. मालकांनी पेढे आणले. पुढच्या महिन्यात माझ्या हातून ज्या चिपा भरून गावोगाव गेल्या त्या त्याच प्रोग्रॅमच्या होत्या. सरांना सांगेन, सांगेन म्हणत राहिले. रोज एकाच गाडीनं जात होतो आम्ही.

पाच-सहा महिन्यांनी बावड्याच्या अलीकडच्या एका गावातून पत्र आलं. तिथल्या दूध संस्थेच्या सेक्रेटरीनं लिहिलं होतं की मशीन उत्तम आहे, पण एक बाई रोज भांडते, मशीन खोटं बोलते म्हणते. तुमचा माणूस पाठवून मशीन बरोबर असल्याचं लिहून द्यावं. मालकांनी सरांना आणि मला पाठवलं. "एक सही करून या, झालं."

संस्थेचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, भिंतीपलीकडे पिठाची गिरणी. दाराशेजारी सूचनांचा फळा. त्यावर वर खडूनं लिहिलं होतं, "भेसळ करणारे", आणि खाली एकच नाव. शेवंताबाई. अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवून जाड झालेली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. सरांनी सगळं तपासलं. तीन तासांत एकही चूक नाही. सेक्रेटरीनं कागद पुढं केला. सर म्हणाले, "सकाळी दूध घालतात तेव्हा बघतो."

"अहो, पण मशीन तर बरोबर चाललीय."

"आत्ता चाललीय," सर म्हणाले. मला तेव्हाच ती ओळ आठवली. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पुन्हा गेलो. रांग लागली होती. शेवंताबाई पन्नाशीच्या, काटक, डोक्यावर पदर घट्ट. त्यांच्या पुढं एक संकरित गाईंचा मालक. रोजचीच जागा, कारण दोघांची घरं लागून. त्याचं दूध झालं, पाटीवर तीन पूर्णांक सहा. इतक्यात पलीकडची गिरणी घरघरायला लागली. शेवंताबाईंनी किटली पुढं केली. म्हशीचं दूध, रांगेत एकट्या त्यांचंच. काट्यानं वजन घेतलं, यंत्रात नमुना गेला, पाटीवर तीन पूर्णांक सहा.

मागून कुणीतरी म्हणालं, "आलं बघा पानी."

शेवंताबाई वळून सरांना म्हणाल्या, "बगितलं का सायब? म्हशीला तीन फॅट आस्तं व्हय? माझी म्हस काय गाय हाय?"

सेक्रेटरी बोलायला लागला, रांगेतले दोघं-तिघं बोलायला लागले, त्याही बोलत होत्या. सर हळूच म्हणाले, "अडतीस," आणि उभे राहिले. कुणाला काही कळलं नाही, पण तो उंच माणूस मनगटाला तार बांधून नुसताच उभा आहे हे बघून एकेक करत सगळे गप्प झाले.

"गिरणी पाच मिनिटं बंद ठेवता येईल?" सरांनी विचारलं. कुणीतरी जाऊन सांगून आलं. घरघर थांबली. "बाई, तेच दूध पुन्हा."

पाटीवर सात पूर्णांक दोन.

सरांनी पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. आता मुद्दाम आधी गाईचं, मग गिरणी सुरू करून म्हशीचं. तीन पूर्णांक सहा, तीन पूर्णांक सहा. गिरणी बंद. सात पूर्णांक दोन. असं तीनदा केलं. सर माझ्याकडे वळले. मला वाटतं, मी तेव्हा फरशीकडे बघत होते.

ते रांगेकडे तोंड करून म्हणाले, "यंत्र चुकलं. यांचं दूध चोख होतं. गिरणी सुरू असताना फॅटच्या यंत्राचं उत्तर पोचत नाही, आणि आमचा प्रोग्रॅम मागच्याचा आकडा यांच्या नावावर दाखवतो. चूक आमची आहे. माझी आहे." मग खिशातला रुमाल काढून त्यांनी फळ्यावरचं नाव पुसलं.

शेवंताबाई म्हणाल्या, "पुसलं म्हंजी झालं व्हय? पाच म्हैनं ह्या समद्यांनी वाचलंय. भावकीत हळदी-कुकवाला बोलवना कुनी. पोरीच्या सासरी बी गेली ही गोष्ट, का तुजी आई पानी घालती. म्या बायकांच्या घोळक्यात बसायचं सोडलं." त्या रडल्या नाहीत. त्यांचा आवाज खूप चालून आलेल्या माणसासारखा होता.

सर म्हणाले, "नाही झालं. बरोबर आहे तुमचं."

त्यांनी खडू मागितला. फळ्यावर, त्याच जागी, मोठ्या अक्षरांत लिहिलं, "मशीन खोटे बोलत होती. शेवंताबाईंचे दूध पहिल्यापासून चोख आहे." खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि इंदापूरचा पत्ता.

"हे किती दिवस ठेवायचं?" सेक्रेटरीनं विचारलं.

"तेवढंच. पाच महिने."

परत येताना, कारखान्यात जायचं म्हणून, इंदापूरच्या स्टँडवर बारामती गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. मी म्हणाले, "सर, ती ओळ माझी होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"काल दुपारी प्रोग्रॅम वाचला. मी असं लिहीत नाही."

"मग तिथं तुमचं नाव का लिहिलंत? माझ्याकडं बघितलंतसुद्धा."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त दमलेले होते. "किती थांबणार? लोक उभे होते. कुणीतरी सांगायला पाहिजे होतं." गाडी आली. ते ड्रायव्हरच्या मागं बसले, मी दोन सीट सोडून.

पुढचा महिनाभर सर आणि फिटर मशीन बसवलेल्या प्रत्येक गावाला जाऊन चिपा बदलत हिंडले. भिगवणपासून नीरेच्या काठापर्यंत. मालकांचा त्याला विरोध नव्हता, गुपचूप होत होतं तोवर. पण फळ्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. दुसऱ्या एका संस्थेनं विचारलं, तुमची मशीन खोटं बोलते म्हणे? मालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"तो फळा पुसून या."

"पाच महिने झाले की पुसतो."

"कारखाना बंद पडेल. या बायकांची पोटं आहेत इथं."

"त्या बाईचंही पोट आहे," सर म्हणाले. मालक आणखी बरंच बोलले. सर बाहेर आले तेव्हा काहीच पुटपुटले नाहीत. डेटाबुक पिशवीत घातलं, मनगटाची तार काढून टेबलावर ठेवली. मी ती काढलेली पहिल्यांदाच बघत होते. मनगटाला हिरवट वळ होता. सोल्डरिंगवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. "काम चालू ठेवा," ते म्हणाले. "सोल्डरचा पॉइंट गार होतोय."

नंतर त्यांनी इंदापुरात वडिलांच्या दुकानाच्या अर्ध्या भागात पंपाच्या जळालेल्या मोटरी भरायचं, म्हणजे आतली तार पुन्हा गुंडाळायचं, काम सुरू केलं. एवढं शिकलेला माणूस मोटरी भरतो, असं लोक म्हणायचे. मी दोनदा दुकानावरून गेले, आत गेले नाही.

त्यांचं टेबल मला मिळालं, पगारही वाढला. आठवड्याभरानं मालक म्हणाले, "तू जाऊन ये त्या गावाला. तेवढा फळा पुसून ये. सेक्रेटरीला सांगितलंय."

मी "हो" म्हणाले. गाडीत बसले तेव्हाही माझ्या मनात पुसायचंच होतं, हे खोटं कशाला सांगू? पर्समध्ये ओला फडका होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.

गावात पोचले तेव्हा ऑफिसात कुणी नव्हतं, नुसता फळा. कडेची अक्षरं थोडी फिकी झाली होती, पण सरांचं नाव कुणीतरी खडूनं पुन्हा ठळक केलं होतं, बहुतेक लिहिता-वाचता येणाऱ्या एखाद्या पोरीनं. मी पर्समधून फडका काढला. मग फडक्यानं फक्त ते नाव आणि पत्ता पुसला. दारामागं खडूचा तुकडा होता. वरचं वाक्य तसंच ठेवून खाली माझं नाव लिहिलं, वडिलांचं, आडनाव, आणि आमचा पत्ता. त्यावर एक ओळ घातली, "चुकीचा प्रोग्रॅम मी लिहिला होता." अक्षर वाकडं आलं.

मागं वळले तर शेवंताबाई गवताचा भारा घेऊन उभ्या. "काय लिवलंस गं?"

"मावशी, तुम्हाला वाचता..."

"न्हाय येत. वाच की तूच."

मी वाचलं. सगळं, माझ्या नावासकट. त्यांनी भारा खाली ठेवला.

"म्हंजी त्या सायबानं न्हवं क्येलं?"

"नाही. मी केलं. त्या दिवशी मी इथंच उभी होते, बोलले नाही."

"व्हय, बगितलं हुतं म्या तुला. म्हनलं, ही पोरगी भुईकडं का बगतीया." त्या फळ्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "आन त्येचं काय झालं? सायबाचं?"

"नोकरी गेली."

"आन तुजी?"

"संध्याकाळी जाईल."

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. मला माफी मागायची होती, पण ती मागितली असती तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तेवढंही त्यांच्यावर लादायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "घर हितंच हाय माजं, वळनाला. तुला चा पाजावा का न्हाय, त्योच इचार करतीया."

"राहू द्या मावशी. जाते मी."

"थांब. इचार करतीया म्हनलं ना."

मी थांबले. त्यांनी वाकून गवताचा भारा उचलला, डोक्यावर नीट बसवला आणि माझ्याकडे न बघता चालायला लागल्या. दहा-बारा पावलं गेल्यावर थांबल्या, मान वळवता येत नव्हती म्हणून सगळ्याच वळल्या.

"चल," म्हणाल्या.